टाकीची टोपी

माझा नवरा लोह्याच्या एका गॅस एजन्सीत टाक्या पोचवायचा. सकाळी गोदामात टेम्पो भरायचा, कंधारच्या रस्त्यानं एकेक गाव करत जायचा आणि उन्हं उतरायच्या आत रिकाम्या टाक्या घेऊन परत यायचा. भरलेली टाकी तो अशी खांद्यावर टाकायचा की बघणाऱ्याला ती रिकामीच वाटावी. मी देवणीकडची, बारावी झालेली. घरात वडील शाळामास्तर. लग्नानंतर सुरुवातीला मला त्याच्या कामाची जरा लाज वाटायची. माहेरी कुणी विचारलं तर मी नुसतं 'एजन्सीत असतात' म्हणायचे. पुढं ती लाज गेली. गावोगावच्या बाया त्याला ओळखत. कुणी चहा द्यायचं, कुणी वानोळा म्हणून वांगी, शेंगा बांधून द्यायचं. तो ज्या घरात जाईल तिथलं सुखदुःख घेऊन यायचा आणि जेवताना मला सांगायचा.

एजन्सीत गळतीच्या तक्रारी बघायला एक मेकॅनिक होता. तो पुण्याला निघून गेला आणि शेठनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलाच नाही. माझ्या नवऱ्याला बोलावून म्हणाले, "तू रोजच टाक्या हाताळतोस. तुला येगळं काय शिकायचंय? आतलं रबरी वायसर बदलायचं, झालं काम."

त्यांनी त्याला एक पेचकस, एक चिमटा आणि कागदाच्या पुडीत थोडी वायसरं दिली. एवढंच. कुणी हातात धरून काही दाखवलं नाही. जुना मेकॅनिक काय करायचा ते याच्या ओझरतं नजरेखालून गेलं होतं, त्याच्या जोरावर हा कामाला लागला. वायसर खराब असेल तिथं काम जमून जायचं. आणि बहुतेक ठिकाणी वायसरच खराब असायचं. घरी येऊन म्हणाला, "आता लोकं मला मेकॅनिक म्हणून राहिलेत." त्याला ते आवडलं होतं. मलाही आवडलं. माहेरी फोनवर मी तो शब्द मुद्दाम दोनदा वापरला.

कंधारच्या बाजूला मुलींचं एक खाजगी वसतिगृह होतं. तिथं स्वयंपाकाला एक बाई होत्या, वयानं माझ्या आईएवढ्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. नवरा टाकी घेऊन गेला की मावशी त्याला ताटात भाकरी वाढल्याशिवाय सोडत नसत. एका सकाळी मावशींचा एजन्सीत फोन आला की टाकीतून फुसफुस आवाज येतोय. मुली शाळा-कॉलेजला गेलेल्या होत्या. नवरा टेम्पो घेऊन त्याच बाजूला निघालेला होता. त्याला फोनवर सांगितलं आणि तो आधी तिकडंच वळला.

पुढचं मला त्यानं एका दमात कधी सांगितलं नाही. कधी दवाखान्यात, कधी घरी, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी ते जोडून लिहिते आहे.

त्यानं जाऊन आधी शेगडी बंद केली. मावशींना दिवा, पंखा काही लावू नका म्हणाला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग त्यानं रेग्युलेटर काढला. रेग्युलेटर काढला की टाकीच्या तोंडातली पितळी पीन आपोआप वर येते आणि गॅस बंद होतो. ती पीन वर आलीच नाही. काहीतरी अडकलं होतं. आवाज वाढला. त्यानं पेचकसानं पीन हलवून बघितली. ती आणखी खाली बसली आणि गॅस फवाऱ्यासारखा उडायला लागला. त्यानं तळहात दाबून धरला. उडणारा गॅस बर्फाहून थंड असतो. हाताची कातडी पांढरी पडली आणि संवेदना गेली, पण त्यानं हात काढला नाही. त्याच्या मनात एकच होतं, टाकी घरातून बाहेर न्यायची.

पुढच्या दारी रस्ता होता. रस्त्यावर माणसं होती, चहाची टपरी होती. म्हणून तो मागं वळला. "मावशी, मागचं दार उघडा," म्हणाला. मावशी पुढं झाल्या. त्यांनी कडी काढली, दार ढकललं आणि याला वाट मिळावी म्हणून त्या परसात उतरल्या.

परसात मुलींच्या आंघोळीच्या पाण्याची चूल होती. मुली गेल्या होत्या, हंडा रिकामा होता, पण चुलीत निखारे होते. मावशींना ते माहीत होतं आणि त्यालाही चूल तिथं असते हे माहीत होतं. दोघांनाही त्या घटकेला ते आठवलं नाही. गॅस जड असतो, जमिनीवरून पाण्यासारखा सरकत जातो, हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं उघड्यावर नेलं की वाऱ्यावर उडून जाईल. टाकी उंबऱ्याबाहेर आली आणि परसात भडका उडाला.

नांदेडच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. दोन्ही हात, छाती, मान, सगळं भाजलं होतं. मी खाटेशी उभी राहिले. त्यानं पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा विचारलं, "मावशी कशी हाय?"

मावशी बायकांच्या बाजूला होत्या. मी जाऊन बघून आले होते. "बरी हाय," मी म्हणाले.

तो रोज विचारायचा आणि मी रोज तेच सांगायचे. एका दुपारी व्हरांड्यातून मावशींच्या घरच्या बायकांच्या रडण्याचा आवाज आला. मी उठून दार लोटून घेतलं. त्या दिवसानंतर त्यानं विचारणं बंद केलं. मीही आपणहून काही बोलले नाही.

चौकशीला पोलीस आले. त्यांनी शेठना विचारलं, "या माणसाला याचं शिक्षण दिलं होतं का?" शेठ म्हणाले, "साहेब, जुना माणूस आहे. त्याला सगळं येतं." मी शेजारीच उभी होते. शेठ खोटं बोलत होते असं तेव्हा मला वाटलं नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. गावात मात्र वेगळं बोललं जात होतं. पाण्याला गेलं की बाया गप्प व्हायच्या. एक जण तोंडावर म्हणाली, "येत न्हवतं तर हात लावायचा कशाला?"

तो घरी आला तो दुसराच माणूस होऊन. बोटं आत वळून आखडलेली. सदऱ्याचं बटण लागत नाही, भाकरी मोडता येत नाही. मी घास भरवायचे तेव्हा तो भिंतीकडं बघायचा. मी स्वयंपाकाला लागले की उठून अंगणात जाऊन बसायचा. सासूबाईंनी एकदा समजावलं, "आरं, आपल्या घरचा गॅस चांगला हाय." तो म्हणाला, "हाव. माहीत हाय." पण बाहेरच बसून राहिला.

शेठनी मला एजन्सीत कामाला बोलावलं. फोन घ्यायचा, नंबर लावायचे, तक्रारी लिहून घ्यायच्या. ते दयेनं होतं की भीतीनं, मी विचार केला नाही. घर चालवायचं होतं. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसले आणि समोर गोदामातून टाक्या आदळल्याचा आवाज आला तशी मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं परत आत आले. मग सवय झाली.

नवऱ्याच्या जागी टेम्पोवर एक नवा माणूस घेतला होता. नुकतंच लग्न झालेला, हसतमुख, आधी आडतीवर हमाली करणारा. एके दिवशी लोह्याजवळच्या एका खेड्यातून बाईचा फोन आला. गॅसचा वास येतोय, टाकीजवळ आवाज येतोय. मी तिला म्हणाले, "आधी घरातल्या, परसातल्या, सगळ्या चुली विझवा. पाणी वता. मग लेकरं घेऊन लांब जाऊन बसा." फोन ठेवला तर शेठ त्या नव्या माणसाच्या हातात पेचकस देत होते. तसाच चिमटा, तशीच वायसराची पुडी.

"तुम्ही जाऊ नका," मी त्याला म्हणाले.

शेठ माझ्याकडं बघायला लागले. "का जाऊ नये?"

"त्यांना काय येतं, शेठ?"

"वायसर बदलायला काय लागतं?"

मी म्हणाले, "आमच्या घरी येऊन बघा काय लागतं ते."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती खाली बघायला लागली. तो नवा माणूस पेचकस हातात धरून माझ्याकडं एकदा, शेठकडं एकदा बघत राहिला. मग त्यानं तो हळूच टेबलावर ठेवला. शेठ लालबुंद झाले होते. "मग कोण जाणार? तू जाणार?"

"शिकवा. मग जाते."

हे बोलेपर्यंत माझ्या मनात तसं काही नव्हतं. शब्द तोंडातून गेले आणि मग मला कळलं की मी ते म्हणाले आहे. त्या दिवशी शेठनी नांदेडच्या एका एजन्सीला फोन करून त्यांचा मेकॅनिक मागवून घेतला. तो येईपर्यंत ती बाई लेकरं घेऊन लिंबाखाली बसून होती. चार दिवस शेठ माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "लातूरला कंपनीचं शिक्षण असतं. नाव देऊ का तुझं?"

घरी सांगितलं तर सासरे ताटावरून उठले. सासूबाई रडल्या. एक जण भाजून आला ते पुरलं नाही का, म्हणाल्या. नवरा अंगणातून बोलला. "जाऊ द्या तिला," एवढंच.

लातूरला एमआयडीसीच्या बाजूला एका मोठ्या शेडमध्ये शिक्षण होतं. वर्गात मी एकटीच बाई. बाकी सगळे एजन्सीचे मेकॅनिक, टेम्पोवाले, गोदामातले लोक. त्यांत पांढऱ्या केसांचेही होते, ज्यांनी जन्मभर टाक्या वाहिल्या आणि पहिल्यांदाच वर्गात बसले होते. शिकवणारे सर निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे. त्यांनी कापलेल्या टाकीचं तोंड दाखवलं. आत स्प्रिंग, पीन, वायसर. पीन का अडकते, कचरा बसला तर काय होतं, स्प्रिंग मेली तर काय होतं. गॅस खालून सरकतो हे दाखवायला त्यांनी भिंतीशी एक चित्र टांगलं होतं, घराचा उंबरा ओलांडून परसात जाणाऱ्या निळ्या रेघा. त्या रेघा बघताना माझ्या कानात काही शिरेना.

मग त्यांनी एक पांढरी प्लास्टिकची टोपी वर धरली. नव्या टाकीवर दोऱ्यानं बांधून येते ती. आमच्या घरात दिराची पोरं तिच्यानं खेळत. सर म्हणाले, "टाकी गळायला लागली, पीन अडकली, काही झालं, आधी ही टोपी. टाकीच्या तोंडावर ठेवायची, दाबायची, टक् आवाज आला की गॅस बंद. मग टाकी उचला. टोपी बसवल्याशिवाय गळकी टाकी जागची हलवायची नाही. आणि हलवायच्या आधी ज्या वाटेनं न्यायची ती वाट स्वतः जाऊन बघून यायची."

मी हात वर केला. "एवढंच?"

"एवढंच," ते म्हणाले. "दोन श्वास घ्यायला लागतात तेवढाच वेळ."

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. परत येऊन बसले. शेजारच्या माणसानं विचारलं, "ताई, बरं वाटंना का?" मी 'ठीक आहे' म्हणाले आणि वही उघडली.

शेवटी मोकळ्या पटांगणात परीक्षा होती. खरी टाकी, थोडासाच गॅस, पण पीन मुद्दाम अडकवलेली. माझी पाळी आली. सरांनी रेग्युलेटर काढला, फुस्स आवाज झाला आणि मी पळाले. पटांगणाच्या कडेच्या तारेपर्यंत पळत गेले. काही जण हसले. सरांनी टोपी बसवली आणि माझ्यापर्यंत चालत आले. मी कुणाची बायको आहे ते त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते माझ्याशेजारी तारेला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "आज नका करू. उद्या सकाळी बघू. नाही जमलं तर तसं लिहीन मी. ज्याला येत नाही त्याला येतं असं मी लिहून देत नाही."

मला ते वाक्य बरं वाटलं. दुसऱ्या सकाळी पहिल्यांदा टोपी तिरकी पडली, दुसऱ्यांदा बसली. सरांनी तेच पुन्हा पुन्हा करायला लावलं, दर वेळी पहिल्याच दाबात बसेपर्यंत.

घरी आले त्या दिवशी संध्याकाळी नवरा अंगणात बाजेवर बसला होता. मी पाणी घेऊन शेजारी बसले. येताना बसमध्ये मी ठरवून आले होते की त्याला टोपीचं काही सांगायचं नाही. त्यानंच विचारलं.

"पीन अडकली तर काय कराय सांगितलं?"

मी म्हणाले, "लई काय काय सांगितलं. राहू द्या."

"न्हाई. सांग."

मी सांगितलं. पांढरी टोपी, वर ठेवायची, दाबायची. तो ऐकत राहिला. आखडलेले हात मांडीवर उलटे पडले होते.

"ती टोपी?" तो म्हणाला. "दोऱ्याची?"

"हाव."

"टेम्पोत ढीग पडला होता त्येंचा. सीटखाली. लोकं फेकून द्यायची, मी पोरांना खेळायला आणायचो." मग आपल्या हातांकडं बघत म्हणाला, "मला वाटलं माल वाहताना धूळ जाऊ नये म्हणून असती ती."

मी रडले. तो रडला नाही. त्यानं एवढंच विचारलं की बसायला किती जोर लागतो. मी म्हणाले, अंगठ्यानं बसते.

त्यानंतर काही दिवसांनी तो म्हणाला, मावशीच्या घरी जायचंय. मी नको म्हणाले. सासऱ्यांनीही अडवलं, म्हणाले, लोकं मारतील. तो ऐकेना. मावशींची लेक माहेरीच, कंधारजवळच्या गावात राहायची. आम्ही एसटीनं गेलो. घर विचारत विचारत गेलो. ज्यांना विचारलं त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघून ओळखलं आणि नुसतं बोट दाखवलं.

लेक ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि उठली. बसा म्हणाली नाही. आम्ही उभेच राहिलो.

"माझ्यामुळं झालं," नवरा म्हणाला. "मला येत न्हवतं. येतं असं सांगून मी काम करून राहिलो होतो."

ती म्हणाली, "तुमच्या आधी पोलीस येऊन गेले. शेठ येऊन गेले. समद्यांनी सांगितलं की अपघात हाय." मग विचारलं, "माझ्या आईला मागच्या दारी कुणी धाडलं?"

"मीच."

"तिला चूल दिसली न्हाई?"

"न्हाई. मलाबी न्हाई आठवली."

ती आत गेली. आम्हाला वाटलं आता दार लागणार. ती तांब्या-भांडं घेऊन आली. दारी आलेल्याला पाणी द्यायचं म्हणून दिलं असेल. भांडं तिनं त्याच्यापुढं धरलं. त्यानं दोन्ही मनगटं पुढं केली, पण भांडं धरता येईना. तेव्हा तिनं त्याचे हात पहिल्यांदा नीट बघितले. मी पुढं होऊन भांडं घेतलं आणि त्याच्या तोंडाला लावलं.

"प्या आन् जावा," ती म्हणाली. "परत येऊ नका."

आम्ही परत कधी गेलो नाही.

आता मी एजन्सीची मेकॅनिक आहे. शेठनी गोदामात एक नियम केला, की लातूरला जाऊन आल्याशिवाय कुणी तक्रारीला जायचं नाही. पावसाळ्यात, लग्नसराईत माणूस कमी पडला की त्यांना तो नियम नको होतो आणि आमची भांडणं होतात. काही वेळा मी जिंकते. एकदा हरले. त्या दिवशी नशिबानं काही झालं नाही, पण संध्याकाळपर्यंत मी फोनपाशीच बसून राहिले. तो नवा माणूस शिकून आला. चांगलं काम करतो. त्याला मुलगी झाली, तिच्या नावाचे पेढे तो आमच्या घरी देऊन गेला.

नव्या लोकांना मी गोदामाच्या अंगणात शिकवते. अनेकांना बाईकडून शिकायचं नको असतं. एक जण म्हणाला, "आम्ही काय आजच टाक्या उचलून राहिलो का?" नवऱ्यालाच यांच्याशी बोलायला लावावं असं माझ्या मनात आलं. नवऱ्याला विचारलं, "गोदामात एकदा येता का? त्यांना दोन शब्द सांगा."

"काय सांगू? हात दाखवू?"

"तसं न्हाई."

"तसंच हाय," तो म्हणाला. रागानं नव्हे, साधंच म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही.

तो आता दिराच्या किराणा दुकानात बसतो. गिऱ्हाइकाला भाव सांगतो, वजन दीर करतो. दुकानातली जुनी गिऱ्हाइकं, ज्या खेड्यांत तो टाक्या घेऊन जायचा तिथली, अजून त्याच्याशी घरचं सगळं बोलतात आणि तो ते जेवताना मला सांगतो. मधल्या काळात हे बंद झालं होतं. परवा कुणाच्या तरी म्हशीचं सांगत होता, तिनं धार काढणाऱ्याचा चष्मा शेपटीनं उडवला म्हणून. सांगता सांगता हसला. मी घास धरून थांबले. हसून झाल्यावर त्यानं तोंड उघडलं आणि मी घास दिला.